मुका माज

दि. २० फेब्रुवारी

चि. डॉक्टरीणबाईंस बाबांचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. ते वाचल्यावर तुला जनावरांची डॉक्टर करायला नेमकं काय लागलं, याचा हिशेब मी मेंढवाड्याच्या दारावर खडूने मांडला. पाच वर्षांच्या फीला चौदा मेंढ्या. वसतिगृहाला दरसाल सहा, म्हणजे तीस. उशाला घेण्याइतक्या जाड पुस्तकांना नऊ. सूक्ष्मदर्शकाला पाच. तुला कावीळ झाली त्या महिन्यात दोन. आणि निकालाच्या दिवशी सगळ्या गल्लीला जेवायला घातलं, तिथे एक. ती विकली नाही, कापली. एकूण एकसष्ट. एकसष्ट मेंढ्या खाऊन जी डॉक्टरीण तयार झाली, ती आता लिहिते की मला नोकरी सोडून घरी यायचंय आणि मेंढ्या राखायच्या आहेत.

तुझ्या आईचं म्हणणं, येऊ दे तिला. आईचं काय जातं? गल्लीत तोंड मला दाखवायचंय. पोस्टमनला, शिंप्याला, बँकेतल्या टकल्याला, सगळ्यांना मी सांगून ठेवलंय की माझी पोरगी सरकारी डॉक्टर आहे आणि दिवसाला तीनशे जनावरं तपासते. टकल्याने विचारलं की एवढी आजारी जनावरं रोज येतात तरी कुठून? मी म्हटलं, शहर मोठं आहे.

पण मी हटवादी नाही. तू लिहितेस की दिवस मोठे होत असताना, मेंढी नराकडे ढुंकूनही पाहत नाही त्या दिवसांत, तू तिला माजावर आणून दाखवशील, आणि मग वर्षातून एकदाच्या ऐवजी दोन वर्षांत तीनदा कोकरं मिळतील. तर दाखव. कळपातल्या चाळीस मेंढ्या तुझ्या नावाने वेगळ्या काढतो. तू तिथून लिही, मी इथे करतो. त्या बिनहंगामात माजावर आल्या तर कळप तुझा, किल्ल्या तुझ्या, मी ओट्यावर बसून चहा पिईन. नाही आल्या, तर कायम नोकरीच्या त्या कागदावर मुकाट्याने सही करायची. माझा शब्द म्हणजे शब्द.

निकाल कोण लावणार म्हणशील, तर मी. चौथी नापास असलो तरी कान शाबूत आहेत. मेंढी माजावर आली की एडका तिच्यापाशी जाऊन घशातल्या घशात घरघरतो. ती घरघर मी घरात बसून ओळखतो आणि मेंढी कोणती तेही सांगतो. तीन मेंढ्यांवर धंदा सुरू केला तेव्हापासून, तीस वर्षांत, माझ्या कानातून एकही माज सुटलेला नाही.

तब्येत सांभाळ. लोभ आहेच, तो असा मधूनमधून भांडून ताजा ठेवावा.

तुझे बाबा


दि. २७ फेब्रुवारी

तीर्थरूप बाबांस व आईस साष्टांग नमस्कार. वि. वि.

हिशेब वाचला. एक चूक आहे. सूक्ष्मदर्शक जुना घेतला होता, तो चार मेंढ्यांत झाला. पाचवीचा तुम्ही रेडिओ आणलात. आईला विचारा.

इथलं नेहमीचंच चाललंय. काम उभ्याने असतं, दालन थंड, रबरी बूट दिवसभर पायात. यंत्रांचा आवाज घरी आल्यावरही तासभर कानात राहतो. मोठ्या साहेबांनी कायम नोकरीचा कागद टेबलावर ठेवलाय. दहा मेपर्यंत सही तरी करायची, नाहीतर नकार कळवायचा. बाबा, मला नकार कळवायचा आहे. तुम्ही गल्लीत माझ्याबद्दल काय काय सांगता ते आईने लिहिलं होतं. तीनशेचा आकडा बरोबर आहे. बाकीचं नका सांगत जाऊ.

आता मेंढ्या. दिवस मोठे झाले की मेंढीचा मेंदू तिच्या अंडाशयाला हाका मारणं बंद करतो. तो पुन्हा जागा करायचे दोन रस्ते आहेत. पहिला सोपा. प्रोजेस्टेरॉन नावाच्या संप्रेरकात भिजवलेला छोटा स्पंज येतो. तो मेंढीच्या योनीत बारा दिवस ठेवायचा. त्याला दोरा असतो, तो ओढून स्पंज काढायचा, त्याच दिवशी एक इंजेक्शन द्यायचं, की दोन दिवसांत मेंढ्या माजावर. मी शनिवारी येऊन एका दिवसात चाळीस बसवून जाईन.

दुसऱ्या रस्त्याला औषध लागत नाही, पण धीर लागतो. सगळे नर सहा आठवडे इतके लांब ठेवायचे की मेंढ्यांना ते दिसायला नकोत, ऐकू यायला नकोत, वाऱ्यावर वासही यायला नको. मग एका दिवशी एकदम आत सोडायचे. त्या वासानेच मेंढीच्या आत सगळं हलतं.

मला विचाराल तर स्पंज. कानांना बिल्ले बांधून त्या चाळीस आजच वेगळ्या करा. बिल्ले पार्सलने पाठवते आहे, आकडे मी हाताने घातलेत.

आईला म्हणावं गुडघ्याला शेक दे. तुम्हा दोघांची माया इथे फार उपयोगी पडते, ती पाठवत राहावी.

तुमची मोठी


दि. ८ मार्च

चि. डॉक्टरीणबाईंस अनेक आशीर्वाद.

स्पंज नको. तो कुठे ठेवायचा ते तू इतकं स्पष्ट लिहिलंस की मी पत्र घडी घालून खिशात टाकलं. तुझ्या आईने ते खिशातून काढून वाचलं आणि विचारलं की यात मेंढीला कुणी विचारलंय का. माझ्या मेंढ्यांच्या अंगात मी तीस वर्षांत गवत, पाणी आणि मीठ यांशिवाय काही घातलेलं नाही. दुसरा रस्ता धरू. धीर माझ्याकडे पोत्याने आहे.

तिन्ही एडके एक तारखेलाच विटावाल्याच्या भट्टीवर नेऊन ठेवले, मध्ये टेकडी आणि तीन मैल. त्यातल्या थोरल्याने, आपल्या मुकादमाने, पहिल्याच दिवशी रचलेल्या विटांना धडक देऊन दोनशे विटा पाडल्या. विटावाला म्हणतो, याला परत न्यायला येताना सोबत गवंडीही आणा. मुकादमाची दोरी, घंटा, त्याला खाजवायचा ब्रश, सगळं भट्टीवर गेलं. माझ्या कोटाला त्याचा वास लागला असेल म्हणून आईने कोट उकळत्या पाण्यात टाकला. तो आता तुझ्या मामाला होतो.

बिल्ले मिळाले. पिवळा रंग लांबून छान दिसतो. तुझा सातचा आकडा अजून तसाच, पोटात आडवी रेघ मारलेला. मास्तर त्यापायी तुला ओरडायचे ते आठवलं. चाळीस नंबर लंगडीला दिला. ती तुझ्या आईची लाडकी, तिला वगळलं असतं तर मला जेवण मिळालं नसतं.

मी सगळं तू सांगितलंस तसंच करतोय. उद्या कुणी म्हणायला नको की बापाने खोट घातली.

पत्र धाडत जा. लोभाचं म्हणशील, तर तो मोजायला खडू पुरायचा नाही.

तुझे बाबा


दि. १८ मार्च

तीर्थरूप बाबांस साष्टांग नमस्कार. वि. वि.

कोटाचं वाचून खूप दिवसांनी हसले. खोलीतल्या सोबतिणीने विचारलं काय झालं, तिला सांगता सांगता पुन्हा हसले.

आता पुढचं दोनदा वाचा आणि आईलाही वाचायला द्या, कारण सगळं यावर आहे.

नर आत सोडलेत की दोन-तीन दिवसांत बहुतेक मेंढ्यांच्या आत संप्रेरकांची लाट येईल आणि अंडं सुटेल. पण तुम्हाला त्यातलं काही दिसणार नाही, ऐकूही येणार नाही. मेंढी शेपूट हलवणार नाही, मुकादम घरघरणार नाही. आमच्याकडे याला मुका माज म्हणतात. कारण असं: मेंदूने माजाची खूण बाहेर दाखवायची, तर त्याआधी काही दिवस रक्तात प्रोजेस्टेरॉन फिरून गेलेलं असावं लागतं. इतके महिने बंद पडलेल्या मेंढीत ते नसतं. स्पंज तेच काम करतो. तो आपण ठेवला नाही. मग ते येणार कुठून? अंडं सुटतं त्या जागी अंडाशयावर एक पिवळी गाठ तयार होते. तिला पीतपिंड म्हणतात, आणि प्रोजेस्टेरॉन तीच बनवते. म्हणजे या मुक्या खेपेतूनच पुढच्या खेपेला आवाज मिळतो. तो पुढचा माज अठराव्या दिवसापासून पंचविसाव्या दिवसापर्यंत केव्हाही येईल, आणि तो सगळ्या गल्लीला ऐकू येईल.

पहिला मुका, दुसरा बोलका, एवढं लक्षात ठेवा. पंचवीस दिवस पुरे होईपर्यंत निकाल लावू नका. तेरा एप्रिलला नर सोडलेत तर आठ मेपर्यंत काय ते कळेल, आणि माझी मुदत दहाची आहे. बसतं हिशेबात.

बाबा, या वेळी तुमच्या कानांची परीक्षा नाही. फक्त थांबायचं आहे.

आईचा गुडघा कसा आहे ते कळवा. दोघांनी जपून असावं आणि माझ्यासाठी थोडी जागा झाडून ठेवावी.

तुमची मोठी


दि. १४ एप्रिल

चि. डॉक्टरीणबाईंस अनेक आशीर्वाद.

काल सकाळी एडके सोडले. मुकादमाने आत पाऊल टाकलं आणि चाळीस माना एकदम वळल्या, वर्गात तपासनीस यावा तशा. त्यानेही छाती काढून एक फेरी मारली, चार जणींचा वास घेतला, आणि कोपऱ्यात जाऊन गवत खाऊ लागला. पुढारी असाच असतो.

तुझ्या मागच्या पत्राने मात्र माझी अब्रू घालवली. काल नर सोडायच्या आधी पुन्हा एकदा नीट वाचावं म्हणून मोठ्याने वाचत होतो. सदऱ्याचं माप घ्यायला शिंपी आलेला. मी वाचलं, पहिला मुका, आणि चष्मा सारखा करायला थांबलो. शिंप्याने टेप खाली ठेवून तुझ्या आईकडे पाहिलं. आई लाजून आत गेली ती बाहेर येईना. पुढचा बोलका मी ओरडून वाचला, पण तोवर शिंपी गल्लीच्या टोकाला पोचला होता. आता टकल्यासुद्धा विचारतो की काय हो, कितवा?

मेंढवाड्याच्या खिडकीशी खुर्ची टाकलीय. सगळे चहा आता तिथेच.

लोभ ठेव. आणि असले शब्द पत्रात घालताना आधी कळव.

तुझे बाबा


दि. २१ एप्रिल

चि. मोठीस आशीर्वाद.

आज आठवा दिवस. काही नाही. एखादीने शेपूट हलवलं की मी खुर्चीवरून उठतो, आणि ती माशी असते. मुकादम सावलीत झोपतो. एवढी शांतता मी मेंढवाड्यात कधी ऐकली नव्हती.

खरं सांग, हे सगळं तू पुस्तकात वाचलंस की डोळ्यांनी पाहिलंस? पुस्तकातली मेंढी आणि आपली मेंढी यांत फरक असतो. गवतही संपत आलंय. टकल्या म्हणत होता की कायम झालं की निवृत्तिवेतन लागतं, राहायला जागा मिळते, दारावर नावाची पाटी लागते. मी आपलं ऐकून घेतलं.

आईचा गुडघा बरा आहे. लोभ आहे तसाच.

बाबा


दि. २४ एप्रिल

तीर्थरूप बाबांस साष्टांग नमस्कार.

घाईत लिहिते आहे. पुस्तकात वाचलेलं नाही, डोळ्यांनी पाहिलंय. अंडाशय हातात घेऊन, चिरून पाहिलेत, शेकडो. ते कसे ते घरी आल्यावर सांगेन, पत्रात नको.

आठव्या दिवशी काहीच ऐकू येत नाही म्हणजे सगळं बरोबर चाललंय. कृपा करून थांबा. शांततेला घाबरू नका. गवत कमी पडत असेल तर माझ्या पगारातून आणा, आईकडे पाठवते आहे.

ट्रंक खाटेखालून काढून पुसून ठेवलीय. सोबतिणीने तिच्यावर आत्ताच हक्क सांगितलाय, म्हणजे खाटेखालच्या जागेवर.

माया असू द्यावी, आणि अजून चौदा दिवस धीरही.

तुमची मोठी


दि. २६ एप्रिल

चि. डॉक्टरीणबाईंस अनेक आशीर्वाद.

हे पत्र लिहायला मी चार कागद फाडले. तुझ्या चाळीसपैकी एकोणचाळीस मेंढ्या आज सकाळी दिल्या. तुझं चोवीस तारखेचं पत्र दुपारी आलं.

रागावशील, पण आधी ऐक. काल जाड भिंगाचा चष्मा लावणारा तो मेंढ्यांचा व्यापारी आला. त्याचा ट्रक रिकामाच शहराकडे चालला होता. त्याने मेंढ्या पाहिल्या, मला विचारलं की नर सोडून किती दिवस झाले. मी म्हटलं बारावा. तो हसला नाही, तेवढ्या बाबतीत माणूस चांगला. फक्त म्हणाला की बारा दिवसांत जिला नर कळला नाही, तिला तो कळणार नाही. आणि पोरी, मी रोज पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत त्या खिडकीशी बसलो. एका मेंढीचा आवाज नाही, मुकादमाची एक घरघर नाही. माझ्या कानांनी मला तीस वर्षांत फसवलेलं नाही, मी त्यांच्यावर विश्वास ठेवला. भाकड म्हणून दिल्या. भाकड मेंढी कुठे जाते ते तुला सांगायला नको. लंगडीला त्याने घेतलं नाही, ट्रकमध्ये चढवायला वेळ मोडेल म्हणाला. तुझ्या आईने सकाळपासून माझ्याशी बोलणं टाकलंय.

आता झालं ते झालं. हरण्यात कमीपणा नाही. मी तिसरीत दोनदा आणि चौथीत एकदा हरलोय. सही करून टाक. आई म्हणते तुझ्या कामात तुझ्या हातात शिक्का असतो. आपल्या घराण्यात आजवर सगळ्यांनी दुसऱ्याच्या शिक्क्यासाठी रांगा लावल्या. तू शिक्का मारणारी झालीस. तो टाकून तू शेणात हात घालायला येणार, हे मला रात्रंदिवस टोचत होतं. आता तरी मोकळा श्वास घेईन.

रागावलीस तरी पत्र टाक. लोभाला खंड नसावा.

तुझे बाबा


दि. २८ एप्रिल

तीर्थरूप बाबांस नमस्कार.

तुमचं पत्र अजून आलेलं नाही, पण त्यात काय असेल ते मला माहीत आहे. मेंढ्या पत्राआधी पोचल्या.

मी कुठे काम करते ते मी तुम्हाला कधी नीट लिहिलं नाही. मी कत्तलखान्यात आहे. शहराच्या टोकाला मोठी पांढरी इमारत आहे, आत वर लोखंडी पट्टा फिरतो, त्याला आकडे. प्रत्येक जनावर माझ्यासमोर येतं तेव्हा कापलेलं असतं. मी काळीज, फुप्फुसं चिरून बघते, रोग नसेल तर मांसावर निळा शिक्का मारते. दिवसाला तीनशे. टकल्याला सांगा, त्यातलं आजारी जवळजवळ एकही नसतं.

जिवंत जनावरं बाहेरच्या आवारात माझा सहकारी तपासतो. आज त्याची पाळी होती, म्हणून मी त्यांना चालताना पाहिलं नाही. सव्वानऊ वाजता समोरच्या ताटात डोकं आलं, कानात पिवळा बिल्ला. असले बिल्ले पुष्कळ येतात. पण यावर सात होता, पोटात आडवी रेघ मारलेला. माझ्या हातचा. मी पट्टा थांबवायला सांगितला. मुकादम धावत आला, आपला नव्हे, इथला माणूस. त्याने विचारलं रोग काय दिसतोय? रोग नव्हता. मी म्हटलं चालू दे. एक ते एकोणचाळीस सगळ्या गेल्या. नंबर मागेपुढे आले, एवढंच. सगळ्यांवर मी शिक्का मारला. मांस निरोगी होतं, न मारायला काही कारण नव्हतं.

त्यांचे गर्भाशय मी कचऱ्यात जाऊ दिले नाहीत. बादलीत बाजूला ठेवले आणि जेवणाच्या सुट्टीत टेबलावर मांडून एकेक अंडाशय चिरला. छत्तीस मेंढ्यांत पीतपिंड मिळाला. अकरा जणींत दोन-दोन, म्हणजे जुळी झाली असती. वाटाण्याएवढी पिवळी गाठ असते ती, ताजी, घट्ट. ती बोलायची तयारी करत होती. तीन दिवसांनी सुरुवात झाली असती. तीन मेंढ्या तेवढ्या रिकाम्या निघाल्या.

बाबा, तुम्हाला मेंढ्यांचा आवाज आला नाही याचं मला काही वाटत नाही, तो येणारच नव्हता. पण मी दोनदा वाचा म्हणून लिहिलेलं तुम्ही शिंप्यासमोर मोठ्याने वाचलंत. म्हणजे ते ऐकू आलं होतं. तुम्हाला मी परत यायलाच नको होते. एकसष्ट मेंढ्यांची डॉक्टरीण पुन्हा मेंढवाड्यात दिसली असती. तसं सरळ लिहायचं होतंत. मी भांडले असते, रडले असते, पण मेंढ्या जगल्या असत्या. पैज कशाला लावलीत?

मीही सरळ लिहिलं नाही, हे खरं. तुम्ही गल्लीत इतक्या अभिमानाने सांगत होतात की मला तोंड उघडवेना.

आईला सांभाळा. शेवटी काय लिहावं ते आज सुचत नाही.

मोठी


दि. ९ मे

चि. मोठीस आशीर्वाद.

तुझं पत्र आईने वाचून दाखवलं. मी तिला मध्ये थांबवलं नाही, पुन्हा वाचायलाही सांगितलं नाही. एकदाच ऐकलं, सगळं ऐकू आलं.

तू लिहिलंस ते बरोबर आहे. पैज लावताना मला मनातून वाटत होतं की तू हरशील. तू जिंकायला लागलीस की काय, हे त्या खिडकीशी बसून मला कळेना, आणि व्यापारी आला तेव्हा मी ते कळायची वाट पाहिली नाही. त्याने भाव पाडून मागितला तरी दिल्या. मी आयुष्यात कधी पहिल्या भावाला माल दिलेला नाही. आईने तेव्हाच ओळखलं असावं.

मेंढवाड्याच्या दारावरचा हिशेब अजून तसाच होता. पुसायला गेलो. मग एकसष्टच्या खाली एकोणचाळीस लिहिले आणि बेरीज केली. शंभर बरोबर. तुला डॉक्टर करायला शंभर मेंढ्या लागल्या.

टकल्याने परवा तुझी चौकशी केली. मी त्याला सांगितलं तू कुठे काम करतेस. तो म्हणाला की तेही काम कुणीतरी करायलाच हवं.

उद्या दहा तारीख. सही केली नसशील तर करू नकोस. कळपात अजून एकशे चाळीस आहेत. किल्ल्या खुंटीला आहेत. तू म्हणशील तो स्पंज, म्हणशील तिथे. ये.

लोभ कर असं म्हणायला तोंड नाही. उरला असेल तेवढा असू दे.

बाबा


दि. १९ मे

तीर्थरूप बाबांस व आईस नमस्कार.

पत्र पोचलं. मी एकोणतीस एप्रिललाच सही केली. बॉण्ड सात वर्षांचा आहे.

राहायला जागा मिळाली, दोन खोल्या, दारावर पाटी आहे. पुढच्या महिन्यापासून आवारातल्या जिवंत जनावरांच्या तपासणीची पाळी मी मागून घेतली आहे. आत येण्याआधी बघायला मिळतात.

आईसाठी गुडघ्याचा पट्टा पाठवला आहे. तब्येत सांभाळावी.

मोठी


दि. २ ऑक्टोबर

चि. मोठीस बाबांचे आशीर्वाद.

चार महिने तुझं पत्र नाही, आईला येतात तेवढ्यांवर मी भागवतो. ती वाचते आणि मला ऐकू येईल इतपत मोठ्याने वाचते, बोलावत मात्र नाही.

काल लंगडी व्याली. तुझ्या चाळीसमधली उरलेली ती एकच. बाकी कळपाला अजून दोन-तीन महिने आहेत, तिचंच असं अवेळी. एक नर, एक मादी. मादी थोडी अशक्त होती, आईने तिला माझ्या जुन्या कोटात गुंडाळलं. मामाला तो कोट घट्ट झाला म्हणून त्याने परत पाठवला होता. शेवटी कुणाच्या तरी मापाचा निघाला. आता दोन्ही कोकरं उभी राहून पितात. तुझ्या आईने बोटांवर मोजून सांगितलं की एकशे सत्तेचाळीस दिवस बरोबर भरले. तिला हा आकडा कुठून कळला विचारलं, तर तू शिकत असताना सुट्टीत आली होतीस तेव्हा सांगितला होतास म्हणे. तेव्हा मीही तिथेच जेवत बसलो होतो.

पिवळे बिल्ले शिल्लक नाहीत. जमलं तर दोन पाठव, आकडे घालून. सात मोकळाच आहे.

यायचं तेव्हा ये. इथे तुझ्यासाठी जागा झाडलेली असते, आई रोज झाडते.

तुझे बाबा

ता. क. — मागच्या पत्रात एक गोष्ट लिहायची मी टाळली होती. लंगडी माजावर आली सात मेला, सकाळी, चोविसाव्या दिवशी. मुकादमाची घरघर तुझ्या आईला स्वयंपाकघरात ऐकू आली. मी कुंपणाला टेकून त्याच्या शेजारीच उभा होतो, मला आली नाही.